ओला सराव

आमच्या ख्रिस्ती विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विभागात मी संस्कारविधी शिकवते. म्हणजे उद्याच्या पाळकांनी लग्न कसं लावायचं, अंत्यविधीला कुठे उभं राहायचं, बाप्तिस्मा देताना बाळाचं डोकं कोणत्या हातावर घ्यायचं, हे सगळं. माझे सहकारी त्रैक्यावर आणि मुक्तीवर जाडजूड ग्रंथ लिहितात आणि माझ्या विषयाला पाठीमागे 'स्वयंपाकघर' म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांच्यातल्याच एका विद्वानाने भाचीचं लग्न लावताना नवरीचा हात नवऱ्याच्या धाकट्या भावाच्या हातात दिला होता. तेव्हा धावत कोण गेलं होतं, ते त्यांना विचारा.

माझ्या वर्गात दोन प्रकारचे सराव चालतात, कोरडा आणि ओला. कोरड्या सरावात पाणी नसतं, नुसतं वाक्य आणि हातांची हालचाल. ओला सराव ठकीवर. ठकी म्हणजे विभागाची बाहुली, पोटात वाळू भरून खऱ्या बाळाइतकी जड केलेली. तिचा आजवर इतक्यांदा बाप्तिस्मा झालाय की विभागात तिच्याइतकं पवित्र दुसरं कुणी नाही. नियम मात्र एकच, आणि तो मी पहिल्या दिवशीच फळ्यावर लिहिते: जिवंत असेल तर पाणी नाही. कारण आमच्या शास्त्राप्रमाणे पाणी, ठरलेलं वाक्य आणि देणाऱ्याचा खरा हेतू, एवढं जमलं की बाप्तिस्मा झाला. मग देणारा पाळक असो नाहीतर नळ दुरुस्त करणारा. आणि एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा करता येत नाही, पुसून टाकता येत नाही. एका वर्षी वसतिगृहातल्या मांजरावर कुणीतरी ओला सराव केला, तर आमच्या विद्वानांनी त्या मांजराच्या आत्म्यावर अख्खी दुपार वाद घातला. मांजर तेवढ्यात खानावळीतलं दूध पिऊन गेलं.

आता बघूबद्दल सांगते. बघूचं खरं नाव हजेरीपुरतं. पुढे काय करणार विचारलं की "बघू", जेवायला येतोस का विचारलं तरी "बघू", देवावर विश्वास आहे का असं एकदा मी चिडून विचारलं, तर माझ्याकडे बघून ओशाळला आणि म्हणाला, "बघू ना बाई." अशा मुलाचं नाव दुसरं काय पडणार!

आमच्याकडे 'पाचारण' या शब्दाला फार मान. देवाने हाक मारून आपल्या कामाला बोलावणं म्हणजे पाचारण. पहिल्या वर्षी मुलं गोल बसून आपापल्या पाचारणाच्या हकिकती सांगतात आणि त्यात थोडी चढाओढही चालते. बघूच्याच वर्गात पैलवान म्हणून एक आहे, व्यायामशाळेतून सरळ आमच्याकडे आलेला. वजन उचलताना दांडी छातीवर अडकली तेव्हा त्याला हाक ऐकू आली. ती मदतीला धावलेल्या माणसाची असावी असं मला वाटलं, पण मी बोलले नाही. बघूची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "आमच्याकडे आजोबा पाळक, वडील पाळक, दोन्ही काका पाळक. मी दुसरं काही करीन असं कुणाला सुचलंच नाही. मलाही नाही." आणि खाली बसला. आता वीज चमकेल, निदान ताप तरी चढेल, म्हणून सगळे वाट बघत राहिले. कसचं काय! चहाची वेळ झाली.

अभ्यासात तो हुशार. घोडं अडलं होतं माझ्या स्वयंपाकघरात. बाप्तिस्म्याचं वाक्य तो असं म्हणायचा की फलाटावरचा भोंगा बरा. शब्द चोख, हात बरोबर, आणि त्यात जीव म्हणून नाही. दोनदा मी त्याला नापास केलं होतं. ही शेवटची संधी. ती गेली की या वर्षी दीक्षा नाही, म्हणजे पाळक होणं नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळीच माझी लेक विभागाच्या दारात उभी. दाढ ठणकत होती, दंतवैद्याने ताबडतोब बोलावलं होतं आणि तान्ह्या पोरीला ठेवायला आईशिवाय कोण?

"जाऊन येते गं आई. झोपलीये, त्रास नाही देणार."

"माझी परीक्षा चाललीये."

"तुझी कुठे? त्यांची," असं गालावर हात दाबून म्हणाली आणि टोपली माझ्या टेबलाशेजारी ठेवून गेली. नात माझी गुणी. जागी झाली तरी पाय नाचवत छताकडे बघत पडून राहिली.

पैलवानापर्यंत सगळं सुरळीत चाललं. त्याने ठकीला असं काही प्रेमाने आवळलं की तिचं मुंडकं निसटलं आणि थेट पाण्याच्या भांड्यात पडलं. गडी डगमगला नाही. उरलेलं वाक्य त्याने धडाकडे बघून पूर्ण केलं. मी त्याला पास केलं. एवढा धीर मुरलेल्या पाळकांतही नसतो. मग म्हटलं, "आता ते सगळं उचल आणि बाहेर ने." कान लाल झालेल्या पैलवानाने मुंडकं उचललं, धड उचललं आणि दोन्ही बाहेर नेलं. भांडं राहिलं तिथेच. ते माझ्या ध्यानात आलं नाही, कारण तोवर माझं डोकं तापायला लागलं होतं. शेवटचा उरला होता बघू, आणि बाहुली खलास.

मी त्याला घडी घातलेली शाल दिली. त्याने ती नीट हातावर घेतली आणि सुरू झाला भोंगा.

"अरे, तू बाळाला देवाच्या हाती देतोयस की गाडी यार्डात लावतोयस?"

"शालच आहे ना बाई."

"ठकी असली तरी असंच म्हणतोस!"

"ती पण बाहुलीच ना."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी इथे केलं. टोपलीतून नातीला उचललं आणि त्याच्या हातांवर ठेवलं. "ही घे. ही बाहुली नाही. आता म्हण. आणि मनापासून म्हण, नाहीतर मी तुला पास करायची नाही."

तो घाबरला. इतका जपून उभा राहिला की श्वासही घेईना. नातीने त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि त्याचं बोट धरलं. तो तिच्याकडेच बघत राहिला. मी आठवण करून देणार, तेवढ्यात त्याचा मोकळा हात सवयीने भांड्याकडे गेला. तेव्हा मला पाणी दिसलं. माझ्या तोंडून "अरे" निघेपर्यंत पहिलं पाणी तिच्या डोक्यावर पडलंही होतं.

"ठकी, मी पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने तुझा बाप्तिस्मा करतो."

ते वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलेय, पण असं नाही. नात शिंकली. आणि "आमेन" कोण म्हणालं? मीच. जित्याची खोड!

"कुणी कुठे बोलायचं नाही," मी वर्गाला बजावलं. पण पैलवान तेव्हा ठकीचं धड घेऊन दारात उभा होता. तो धावत वसतिगृहात गेला. दुपारपर्यंत खानावळीच्या आचाऱ्यालाही कळलं होतं आणि संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला.

विहीणबाई म्हणजे माझ्या जावयाची आई. नातीच्या बाप्तिस्म्याची तयारी त्यांनी पोरीला दात येण्याची वाट न बघता सुरू केली होती. बिशप येणार होते. फ्रॉक त्यांनी स्वतः शिवला होता, पाठीवर इतकी बारीक बटणं की घालेपर्यंत पोरगी मोठी व्हावी. नाव त्यांच्या आईचं ठेवायचं ठरलेलं. बसायची व्यवस्थाही झाली होती. मी, बाळाची सख्खी आजी, दुसऱ्या रांगेत, खांबामागे.

"आमची नात तुम्ही परीक्षेला बसवलीत?" त्या म्हणाल्या.

"मी नाही, ती आपोआपच..."

"आणि नाव काय ठेवलंत? ठकी?"

"नाव बदलता येतं हो. कपड्यासारखं असतं ते."

"आणि बाप्तिस्मा?"

त्यांना उत्तर ठाऊक होतं. गेल्या वर्षी त्यांच्याच चर्चमध्ये मी यावर व्याख्यान दिलं होतं आणि त्यांनी पहिल्या रांगेत बसून मान डोलावली होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या विभागप्रमुखांनी मला बोलावलं. हा गृहस्थ मनाने सज्जन, पण भांडणाचा वास आला की खिडकीच्या काचा पुसायला लागतो. त्यांनी तिन्ही काचा पुसल्या आणि मग म्हणाले, "मार्ग आहे. सशर्त बाप्तिस्मा."

म्हणजे, आधी बाप्तिस्मा झाला की नाही याची शंका असेल, तर पाळकाने 'तुझा झाला नसेल तर' असं म्हणून तो द्यायचा. आमच्या शास्त्रात त्याला जागा आहे.

"फक्त खरी शंका हवी," ते म्हणाले. "मुलगा एवढंच म्हणाला की मनात काय होतं ते सांगता येत नाही, तर झाली शंका. बिशप येतील, फ्रॉक घालता येईल, मुलाची दीक्षाही वेळेवर होईल."

"आणि मनापासून दिला म्हणाला तर?"

"तर मुलीचा बाप्तिस्मा झाला. आणि दीक्षा नाही, परवानगी नाही, तरी संस्कार केला म्हणून त्याचं एक वर्ष जाईल. तो नियम मला मोडता येणार नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही त्याला समजवा. आणि बाई, तो तर 'बघू' म्हणणारा मुलगा. अर्धं काम झालेलंच आहे."

मी गेले. खोटं कशाला बोलू, खुशीत गेले. विहीणबाईंचा राग जाईल, मुलाचं वर्ष वाचेल, माझी अब्रू राहील. एका गोळीत तीन दुखणी बरी होणार होती.

बघू वसतिगृहाच्या धुणीघरात आजोबांच्या झग्याला इस्त्री करत होता. दीक्षेच्या दिवशी घालायचा म्हणून घरून पाठवलेला, काळा, कोपरांवर विरलेला झगा. शेजारी त्याची पेटी, दोरीने बांधलेली.

"कुठे निघालास?"

"हे सत्र संपलं की जाणार होतो. मामांचं टायरचं दुकान आहे, तिथे. झगा वडिलांना परत पाठवतोय." त्याने इस्त्री उभी ठेवली. "बाई, इतकी वर्षं सगळं शिकलो, पण हाक काही आली नाही. नुसतं घराणं चालवायचं म्हणून कुणाच्या मयताला जाऊन उभं राहायचं, हे मला जमणार नाही."

मला वाईट वाटलं. इतकी वर्षं मी त्याच्या आवाजाला नावं ठेवली आणि त्या आवाजामागे एवढा विचार चाललाय हे मला दिसलं नाही. पण मी ज्या कामाला गेले होते ते काम केलंच. सशर्त बाप्तिस्मा समजावला, शंका समजावली. "तू एवढंच म्हण, की मनात काय होतं ते सांगता येत नाही."

"पण येतं," तो म्हणाला.

"येत असेल. तरी..."

"तुम्हीच शिकवलंत ना, हेतूबद्दल खोटं बोलणं म्हणजे संस्काराशीच खोटं बोलणं?"

"ते वर्गात!" मी म्हणाले, आणि ऐकून माझी मलाच शरम वाटली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तिथून निघताना मी त्याला काहीच सांगितलं नाही, ना हे म्हण ना ते म्हण. त्यानेही 'बघू' म्हटलं नाही. झग्याची उरलेली बाही इस्त्री करत राहिला.

विभागप्रमुखांच्या खोलीत आम्ही सगळे जमलो. विहीणबाई पर्स मांडीवर घट्ट धरून, लेक सुजलेला गाल आणि पोर सांभाळत, मी लेकीच्या शेजारी. बघू समोरच्या खुर्चीत काठावर बसलेला. विभागप्रमुखांनी काचेवरचा एक डाग पुसला आणि प्रश्न असा विचारला की उत्तर आतच बांधलेलं होतं.

"परीक्षेच्या ताणात माणसाला स्वतःच्या मनातलं नीट सांगता येत नाही, हे आम्ही समजतो. तेव्हा नक्की काय हेतू होता, हे तुला सांगता येईल असं मला वाटत नाही. बरोबर?"

"नाही सर. सांगता येतं."

विहीणबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्याला पढवलंय.

"ठकीला धरायचो तेव्हा हात कुठे ठेवायचा, मान कशी सावरायची, तेवढंच डोक्यात असायचं," बघू म्हणाला. "हिने माझं बोट धरलं. मला ओळखतही नव्हती, तरी धरलं. तेव्हा मला वाटलं, हिला कुणीतरी सांगायला हवं की तू इथे एकटी नाहीस, तू कुणाचीतरी आहेस. आणि हे सांगायला माझ्याकडे ते एकच वाक्य होतं. पाणी आहे हे मला दिसलं होतं, सर. बाईंचा नियमही आठवत होता. पण मला ते खरंच द्यायचं होतं. मी दिला."

विभागप्रमुखांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. इतके दिवस सगळ्यांनी ज्याच्याकडून एक धड होकार काढायचा प्रयत्न केला, त्याने तो दिला होता आणि आता तो कुणालाच नको होता.

"मग बाप्तिस्मा झाला," ते शेवटी म्हणाले. "पुन्हा होणार नाही. आभारप्रार्थना करता येईल, फ्रॉक घालून. नाव हवं ते ठेवा. आणि तू, परवानगी नसताना संस्कार केलास. तुझी दीक्षा एक वर्ष पुढे. तोवर इथेच राहायचं, बाईंच्या हाताखाली."

बघूने मान हलवली. आता स्फोट होणार म्हणून मी विहीणबाईंकडे बघितलं. त्या पर्सचा पट्टा पिळत होत्या.

"मी नव्हते तिथे," त्या म्हणाल्या. "एवढं सगळं मी केलं, आणि झालं तेव्हा मी माझ्या घरी वाटाणे सोलत होते."

त्यांच्या बिशपावर आणि बटणांवर मी इतके दिवस हसत होते, आणि त्यामागे हे होतं, हे माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

"म्हणून दाखव," त्या बघूला म्हणाल्या. "तेव्हा म्हणालास तसंच. मला ऐकायचंय."

बघूने विभागप्रमुखांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. मी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलून घटाघटा पिऊन टाकला आणि मान डोलावली. लेकीने पोरीला त्याच्याकडे दिलं. त्याने तिला हातावर घेतलं, आणि विहीणबाईंना विचारलं, "आजी, नाव काय?"

त्यांनी आपल्या आईचं नाव सांगितलं. त्याने ते नाव घेतलं आणि वाक्य म्हटलं, हळू, एकेक शब्द तिच्याकडे बघत. यावेळी 'आमेन' सगळ्यांच्या आधी विहीणबाई म्हणाल्या. मग पदराने डोळे पुसून त्या ताडकन विभागप्रमुखांकडे वळल्या.

"एक वर्ष म्हणजे फार होतं हो. लेकरू आहे, चांगल्या मनाने केलंय. काहीतरी कमी करा."

"नियम आहे, बाई."

"नियम माणसांनीच केलेत ना? मी बिशपांशी बोलते. ते माझं ऐकतात."

"नको आजी," बघू म्हणाला. पोरगी अजून त्याच्याच हातावर होती आणि तिला परत द्यायचं त्याला सुचत नव्हतं. "कमी करू नका. ते वर्ष मला हवंय."

बांधलेल्या पेटीबद्दल त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. बाकीचे त्याची समजूत घालायला लागले, विहीणबाई तर बिशपांचा फोन लावायलाच निघाल्या. मी त्याच्याकडून नातीला घेतलं आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. विद्यार्थ्यांसमोर रडायची मला सवय नाही.